आमच्या दारावरून जाताना टेप बंद

माझ्या मुलीला नाटकी म्हणणाऱ्यांचा आमच्या कडेगावात तोटा नाही.

शाळेतून येताना तिच्याजवळ उसाची ट्रॉली कलंडली आणि ती कमरेपर्यंत उसाखाली गेली. खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, म्हणून गावाने विषय मिटवला. पण लोक तिच्या अंगावरचा ऊस ओढून काढत होते तेव्हा ट्रॅक्टरवरचा टेप जोरात वाजतच होता. तो बंद करायचं एकालाही सुचलं नाही.

तेव्हापासून गाणं वाजवत ट्रॅक्टर आला की पोरगी कॉटखाली. अंथरूण ओलं, शाळा बंद. आणि आमच्याकडे कारखाना सुरू झाला की ट्रॅक्टर दिवसभर, प्रत्येकाचा टेप दुसऱ्यापेक्षा मोठा.

माझे धाकटे दीर ऊसच वाहतात. मनाने चांगले, पण डोकं गावाचं. एका सकाळी त्यांनी तिला उचलून आपल्या ट्रॅक्टरवर बसवलं आणि टेप पुरता मोठा केला.

“आवं वैनी, भीती अशीच मोडती. रडू द्या जरा.”

ती रडली नाही, लाकडासारखी ताठ झाली. मी वर चढून तिला खाली घेतलं.

“भावजी, परत हिला हात लावला तर माझ्याशी गाठ हाय!”

त्यानंतर घरात माझ्याशी कुणी धड बोलेना. नका बोलू!

मी तिला सांगलीला दाखवायला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तिच्या लेखी ट्रॉली अजून पडतेच आहे. विसर म्हणू नका. किती सोसायचं ते तिला ठरवू द्या.”

मग मी रोज रस्त्यात उभी राहू लागले. ट्रॅक्टर दिसला की हात आडवा. “आमच्या दारावरून जाताना टेप बंद.” गाव मला टेपवाली म्हणू लागलं. म्हणेना का! बहुतेक ड्रायव्हर हसत का होईना, बंद करायचे. दीर मात्र मान वळवून तसेच जायचे.

मुलगी आधी खिडकीतून बघायची, मग उंबऱ्यावरून. एक दिवस दप्तर पाठीला लावून ती माझ्या पुढे येऊन उभी राहिली. समोरून दीरच येत होते. माझ्याआधी तिचा हात वर गेला. ट्रॅक्टर जवळ आला तरी तिने तो खाली घेतला नाही.

ट्रॅक्टर थांबला. टेप बंद झाला.

“जाऊ का आता, बाय?” दिरांनी विचारलं.

“जा. पर शाळेपतूर बंदच ठेव, काका. मी लांबनं, मागनं येतीय.”