ठाऊक असलेलं विचारायचं नाही

परवा नातसून म्हणाली, "आम्ही लेकीला शाळेत घालणार नाही, होमस्कूलिंग करणार." मला हसू आलं, तर तिला वाटलं मी टोमणा मारतेय. तसं नव्हतं. हे सगळं आमच्या घरी निजामाच्या राज्यात होऊन गेलंय, औंढ्याजवळच्या एका खेड्यात. तेव्हा त्याला नाव तेवढं नव्हतं. आम्ही भावंडं जमलो की त्या दिवसांच्या गोष्टी निघतात, एकीला चिकटून दुसरी. शेवटी नक्की काय घडलं यावरून भांडण होतं.

आमचे वडील, आबा, शेतकरी. गावातली शाळा उर्दू. लोकांना वाटे आबांचा राग उर्दूवर आहे. उलट आबा उर्दू मोठ्या झोकात बोलायचे. त्यांचा राग मास्तरांच्या प्रश्नांवर होता.

"मास्तरला उत्तर ठाऊक असतंय, तरी लेकरांला इचारून राहिला. न्हाई आलं की छडी. ह्याला शिकवणं म्हणावं का खोड काढणं?"

असं चावडीवर बोलून त्यांनी आम्हाला घरीच ठेवलं. घरात नियम एकच. आपल्याला ठाऊक नसेल तेवढंच दुसऱ्याला विचारायचं. गावानं आबांना वेड्यात काढलं.

* * *

दिवाळीला आत्या आली. धाकट्या नामाला मांडीवर घेऊन तिनं लाडानं विचारलं, "नाव काय रं माझ्या राजाचं?"

नामा गोंधळला. बारशाला त्याचं नाव आत्यानंच ठेवलं होतं, आणि हे त्याला घरात शंभरदा सांगितलेलं.

तो म्हणाला, "तूच ठेवलंस की आत्या. आता बदलायचं हाय का?"

आत्या भाऊबीज होईपर्यंत आबांशी बोलली नाही.

* * *

आबांना पाढे येत नव्हते. म्हणून ते मनापासून विचारायचे आणि आम्ही शिकवायचो. सतराच्या पाढ्यावर ते अडले की आम्हाला त्यांची फार दया यायची.

पण आम्हाला पाढे कुणी शिकवले? मी म्हणते, थोरल्या अक्कानं. अक्का म्हणते, नामानं. नामा तेव्हा रांगत होता.

* * *

एकदा जवळा बाजारला मिरच्या विकायला निघालो. आबांनी कासरा अक्काच्या हातात दिला आणि स्वतः मागं पोत्यांवर बसले. अक्कानं फाट्यावर गाडी भलतीकडं वळवली. उन्हं चढली तेव्हा समोर नागनाथाचं देऊळ! मिरच्या तशाच गाडीत.

आई कडाडली, "तुमाला वाट ठाऊक व्हती ना?"

"व्हय. पण तिनं इचारली न्हाई."

आईनं कपाळाला हात लावला. मग आलोच आहोत तर म्हणून दर्शन घेतलं. अक्का पुन्हा कधी वाट चुकली नाही. ती तेव्हापासून गाडीतच बसत नाही, हे नामाचं म्हणणं.

* * *

मला मात्र खरी शाळा हवी होती. बाक, घंटा, मैत्रिणी, सगळं. हिंगोलीला मावशीच्या घराजवळ मुलींची शाळा निघाली आणि मी हट्टच धरला. आईनं बजावलं, "शाळेचं जमलं तर ठीक, न्हाई तर औंदा हिला दाखवायला काढते." आबा म्हणाले, "आधी मास्तरीण बघू." मला रडू कोसळलं. आबांना पसंत पडेल अशी मास्तरीण कुठून आणायची?

मोठ्या बाई औरंगाबादेहून आलेल्या. चष्मा, पांढरं पातळ. त्यांनी मला समोर उभं केलं.

"आपल्या राज्याची राजधानी कोणती?"

मला त्यांचं वाईट वाटलं. म्हटलं, "हैदराबाद, बाई. तुमी इकडं नव्या आहात व्हय?"

बाईंनी चष्मा काढला. "वर्षाचे महिने किती?"

"बारा. अधिक आला की तेरा. लाजू नका बाई, हळूहळू येतंय समदं."

शिपाई तोंडाला टॉवेल लावून बाहेर पळाला. बाई आधी रागावल्या, मग त्यांनाही हसू आवरेना. म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे, घेते मी. पण वर्गात मी विचारलं की नुसतं उत्तर द्यायचं, माझी समजूत काढायची नाही."

मी आबांकडं पाहिलं. आबांनी पटका सारखा केला.

"बाई, तुमाला तर समदं ठाऊक हाय. मग इचारता काहून?"

आता संपलं, मला वाटलं. बाईंनी चष्मा पुन्हा चढवला. खिडकीबाहेर पाहिलं.

"खरंच हो," त्या म्हणाल्या, "कशाला विचारतो आम्ही?"

आबा उठले, माझं गाठोडं उचलून बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि मला म्हणाले, "ऱ्हा इथं. बाईंला न्हाई ठाऊक."