बाबांचं बोलणं पुरं व्हायच्या आधी

बाबा गेले ते माझ्याशी बोलता बोलता. सकाळचे दहा वाजले असतील. ते बडोद्याला गोत्रीच्या घरी, मी नाशिकला माझ्या स्वयंपाकघरात. आमचा इन्व्हर्टर दोन दिवस किरकिर करत होता, म्हणून मी त्यांना फोन लावला होता. "आधी मेन स्विच बंद कर, मग मागची काळी तार सोडव आणि..." एवढं म्हणून ते थांबले. मी फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला आणि मटार सोलत वाट बघत राहिले. बऱ्याच वेळाने पलीकडे खुडबुड झाली, तेव्हा मी हसून म्हटलं, "बाबा, ओव्हर म्हणायचं विसरलात." उत्तर आलं ते आईचं. ती खालून भाजी घेऊन नुकतीच वर आली होती. "सुनू, हे उठत नाहीयेत गं."

मी वाट का बघितली, हे ज्यांना बाबा ठाऊक नाहीत त्यांना पटायचं नाही. बडोद्याच्या हरणी विमानतळावर ते रेडिओ इंजिनिअर होते. वैमानिक आणि जमिनीवरची माणसं ज्या यंत्रांतून एकमेकांशी बोलतात, ती यंत्रं धडधाकट ठेवणं हे त्यांचं काम. पुढे नोकरी सांभाळून ते एका फ्लाइंग क्लबात शिकाऊ वैमानिकांना रेडिओवर बोलायला शिकवू लागले. त्या रेडिओवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. दोघांनी एकदम बटण दाबलं की दोघांचंही बोलणं बुडतं, नुसती शिट्टी ऐकू येते. म्हणून आपलं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं, आणि तो शब्द येईपर्यंत समोरच्याने तोंड उघडायचं नाही, ही त्यांची शिकवण. ती त्यांनी घरात आणली. जेवताना, भांडताना, आणि फोनवर तर हटकून. आई वैतागायची, "अहो, हे घर आहे की विमानतळ?" त्यावर ते शांतपणे विचारायचे, "तुझं झालं का?" त्यातून त्यांना वाक्याच्या मध्येच थांबायची खोड. डायरी शोधायला उठतील, चष्मा पुसतील, नुसते विचार करत बसतील. आम्ही थांबायचो.

गुजरात वेगळा झाला तेव्हा बाबा शाळेत होते. नात्यातली काही मंडळी पुण्या-मुंबईची वाट धरत होती. संस्थानच्या कचेरीत उमर काढलेले आजोबा म्हणाले, बडोदं सोडायचं नाही. बाबांनीही सोडलं नाही. बाहेर अस्खलित गुजराती, घरात मराठी, आणि रेडिओवर अशी तोलूनमापून बोललेली इंग्रजी की आम्हा मुलांना हसू फुटायचं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षी नापास झाले तेव्हा घरी सांगायचं धैर्य होईना. बाबांनी काही न विचारता मला स्कूटरवर बसवलं आणि सूरसागरच्या काठी गाडी लावली. मी अर्धं वाक्य बोलून रडत होते, परत पहिल्यापासून सुरू करत होते. ते तलावाकडे बघत उभे राहिले. शेवटी म्हणाले, "झालं? चल, शेव-उसळ खाऊ." इतकं पुरतं ऐकून घेणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

दहाव्या दिवशी त्यांचा एक जुना विद्यार्थी आला. आता मोठ्या विमानांचा कॅप्टन आहे, केस पिकलेत. शिकत असताना एकदा तो एकटाच विमान घेऊन गेला आणि धुरकट हवेत वाट चुकला. क्लबातले सगळे एकदमच रेडिओवर सूचना देऊ लागले, त्यामुळे त्याला एकही धड ऐकू येईना. बाबांनी सगळ्यांना गप्प केलं आणि तो बोलेपर्यंत वाट बघितली. घाबरगुंडी ओसरल्यावर त्याने खाली काय दिसतंय ते सांगितलं. तो बडोद्याच्या दक्षिणेला, करजण गावावर होता. बाबा म्हणाले, रेल्वेचे रूळ डाव्या हाताला ठेव आणि बाजव्याच्या रिफायनरीची ज्वाळा दिसेपर्यंत सरळ ये. हे सांगताना त्याचे डोळे भरले. "साहेब थोभ्या, एटले हुं जीवतो छुं," तो आईला म्हणाला. साहेब थांबले म्हणून मी जिवंत आहे. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

कारण मीही थांबले होते. परातभर मटार सोलून होईपर्यंत. बाबांच्या समोर राहणाऱ्या हंसाबेनकडे त्यांच्या घराची किल्ली असते, त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. मी एकदा जरी "बाबा?" म्हणून ओरडले असते, उत्तर आलं नाही म्हणून त्यांना फोन केला असता, तर त्या अर्ध्या मिनिटात आत पोचल्या असत्या. डॉक्टर म्हणाले, काही फरक पडला नसता. ते सगळ्यांनाच तसं सांगत असतील. आईने त्याच दिवशी विचारलं होतं, बोलणं कधी थांबलं? आणि मी म्हटलं, "आत्ताच गं, तू आलीस त्याच्या जरासं आधी." हे खोटं घेऊन मी सहा आठवडे बडोद्याला आईजवळ राहिले, जेवले, झोपले, लोकांचं सांत्वन ऐकून मान डोलावली.

हा लेख छापायला देण्यापूर्वी काल इथवर आईला वाचून दाखवला. ती बाबांच्या खुर्चीशेजारी पलंगावर बसली होती. खुर्चीत कोणी बसत नाही. वाचून झालं. मी कागदाच्या घड्या घालत राहिले.

"मला ठाऊक होतं," अखेर ती म्हणाली. "त्यांच्यापुढे चहा होता. मी खाली जाताना वाफाळता ठेवून गेले होते. आले तेव्हा त्यावर जाड साय धरली होती."

"मग तू मला विचारलं का नाहीस?"

"तू सांगायला लागायचीस आणि मध्येच थांबायचीस. मला वाटलं, तुझं अजून व्हायचंय."

सहा आठवडे ती वाट बघत होती. पलीकडच्या खोलीत मी रात्र रात्र रडत होते, ते तिला ऐकू येत होतं, आणि तरी ती उठून आली नाही. बाबांनी आम्हा दोघींना फार चांगलं शिकवलं होतं.