आकृती सातमधला ग्लास

आपल्याला काहीच कळत नाही, हे इतक्या आनंदाने आणि इतक्या मोठ्या आवाजात सांगणारा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. नव्वद सालानंतरची ती वर्षं. सुरतेजवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत, कांडी मशीन बनवणाऱ्या एका कारखान्यात हे माझे वरिष्ठ होते. कांडी मशीन म्हणजे मागाला लागणाऱ्या कांड्यांवर सूत गुंडाळणारं यंत्र. प्रत्येक यंत्रासोबत ते कसं बसवावं, कसं चालवावं, कुठे बोट घालू नये, हे चित्रांसकट सांगणारी एक पुस्तिका जायची. ती पुस्तिका हे गृहस्थ लिहीत. सुरतेत पुस्तकाला चोपडी म्हणतात, म्हणून कारखान्यात ते झाले चोपडीवाले साहेब. इंजिनिअर मंडळी नवं यंत्र समजावून द्यायला आली की साहेब खुर्चीत मागे रेलून म्हणत, "हं, सांगा. मला काही कळत नाही." इंजिनिअर तासभर सांगत. साहेब म्हणत, "छान. पण हे चालू कुठून होतं?" यंत्राची रचना त्यांना इंजिनिअरांपेक्षा जास्त ठाऊक होती. पण लिहायला बसण्यापूर्वी ती सगळी विसरून जायची, हा त्यांचा नेम होता, आणि तो ते आंघोळीसारखा रोज पाळत.

मी धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करत. मी बी.एस्सी. झालो, शिवाय शाळेत चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा दिलेल्या, एवढ्या बळावर साहेबांनी मला हाताखाली घेतलं. सहा महिने तात्पुरता, काम पटलं तर कायम. मुलगा सुरतेला पुस्तकं लिहितो, असं वडिलांनी गावभर सांगून टाकलं होतं. त्यामुळे आता कायम होण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं.

पहिल्याच रविवारी साहेबांनी सुरतेतल्या उधन्याच्या घरी जेवायला बोलावलं. दाराबाहेर, पाटीच्या खाली, एक सचित्र कागद चिकटवलेला. त्यांच्या दाराची कडी अडकायची, आणि पाहुण्यांची पंचाईत होऊ नये म्हणून ती बाहेरून कशी उघडावी हे पाच चित्रांत दाखवलं होतं. "डाव्या हाताची दोन बोटे फटीत सरकवा. कडी वर उचला. दार आत ढकला." मी तसं केलं आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. साहेबांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, किंचाळल्या. मग मला ओळखून म्हणाल्या, "बघा! मी रोज सांगते, चोरालाही शिकवून ठेवलंय म्हणून!" साहेब गंभीर झाले. हा मुद्दा त्यांना पटला. त्यांनी जेवण घाईने उरकलं. मग उठले, बाहेर गेले आणि कागदाच्या तळाशी चौकट आखून लिहून आले, "सूचना : ही माहिती फक्त घरच्यांसाठी व पाहुण्यांसाठी आहे." वहिनींनी कपाळाला हात लावला. त्यांनी कोथिंबीर आणायला सांगितली, तर हा माणूस पिशवी घेऊन उंबऱ्यावर उभा राहून विचारायचा, "किती? कुठून? आणि न मिळाल्यास?" वहिनी म्हणायच्या, "न मिळाल्यास तसेच परत या, पण परत या."

पुस्तिका छापायला जाण्याआधी तिची परीक्षा व्हायची. हा साहेबांचा खास शोध. ऑफिस झाडायला सुरतेच्या लिंबायत भागातून एक खान्देशी मावशी यायच्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या हातात नुसती चित्रं द्यायची आणि समोर यंत्र उभं करायचं. बाकी सगळ्यांनी, इंजिनिअरांसकट, हात मागे बांधून आणि तोंडात रुमाल धरून भिंतीशी उभं राहायचं. एक शब्द बोलायचा नाही. "चोपडी गिऱ्हाइकाकडे जाते तेव्हा तुम्ही सोबत जाता का?" साहेब विचारत. मावशींनी यंत्र चालवलं तर पुस्तिका पास. एकदा मावशी पहिल्याच चित्रावर अडल्या.

"हाऊ हात कोना शे?"

साहेबांनी तोंडातला रुमाल काढला. "कुणाचाही. चालवणाऱ्याचा."

"बाईचा नाही. बांगड्या कुठे? मंग माझं काय काम?"

साहेबांनी आठ दिवस घालून सगळ्या चित्रांतल्या हातांना बांगड्या घातल्या. मग इंजिनिअर म्हणाले, फिरत्या यंत्राजवळ बांगड्या धोक्याच्या. साहेबांनी बांगड्या उतरवून ठेवल्याचं एक चित्र काढलं. मावशी भडकल्या. "सवाशीनला बांगड्या उतरवायला सांगता? लाज वाटत नाही, साहेब?" तीन दिवस कारखान्यातलं सगळं डोकं या एका प्रश्नाला लागलं होतं. शेवटी मावशींनीच बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या, वरून फडकं बांधलं आणि म्हणाल्या, "असं करतो आम्ही. त्यात एवढं काय?" ते चित्र छापलं गेलं. कारखान्याचे मालक असलेल्या शेठना त्यातलं काही कळलं नाही, पण बाईमाणसं मशीन आवडीने चालवतात हे ऐकून त्यांनी विचारणं सोडून दिलं.

माझ्या चौथ्या महिन्यात नव्या यंत्राची चित्रं साहेबांनी एकट्या माझ्यावर सोपवली. शिकवण एकच, "दिसतं तेवढंच काढायचं. मनचं काही घालायचं नाही." मी ती शिरोधार्य मानली. आकृती सात काढताना यंत्राच्या सपाट झाकणावर फिटरने अर्धा प्यालेला चहाचा ग्लास ठेवला होता. दिसत होता, म्हणून मी काढला. चहा अर्धाच दाखवला. परीक्षेच्या दिवशी मावशी सातव्या चित्राशी थांबल्या आणि चहा मागितला. आम्हाला वाटलं, बाईंना तल्लफ आली. चहा आला. त्यांनी अर्धा प्यायला, ग्लास झाकणावर ठेवला, बटण दाबलं, यंत्र सुरू. आमच्या तोंडात रुमाल. पुस्तिका पास झाली आणि छापून गेली.

महिनाभराने लिंबायतच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाचा माणूस तणतणत आला. त्यांच्याकडच्या प्रत्येक यंत्रावर पाळीच्या सुरुवातीला चहाचा ग्लास ठेवला जात होता. अर्धाच. एकाने दुधाचा ठेवला, म्हणून मुकादमाने त्याला झापलं होतं. आणि आदल्या दिवशी एक ग्लास कलंडून पांढऱ्याशुभ्र सुतावर सांडला होता. शेठनी पुस्तिका उघडली आणि आकृती सातवर बोट ठेवलं.

"आ गिलास कोणे मूक्यो?" हा ग्लास कुणी ठेवला?

मी हात वर केला.

शेठ म्हणाले, "तो भाई, काले न आवता." उद्यापासून येऊ नकोस. इतक्या हळू आवाजात सांगितलेली गोष्ट मला इतकी मोठ्याने कधी ऐकू आली नव्हती. वडिलांना पत्रात काय लिहायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

तेवढ्यात साहेब म्हणाले, "शेठ, मला काही कळत नाही. तो ग्लास तिथे का आहे?"

"अरे, एणे दोर्यो एटले!" याने काढला म्हणून!

"ते काढायचं कारण झालं. लोक अजून ठेवतायत कशाला? एक दिवस द्या."

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन त्या लिंबायतच्या कारखान्यात गेले आणि सकाळपासून एका ग्लासासमोर स्टूल टाकून बसले. दुपारी त्यांनी यंत्रावरच्या बाईला विचारलं, "ताई, हा कशाला ठेवता?"

"चोपडीत आहे."

"आणि चोपडीत नसता तर?"

बाई हसली. "तरी ठेवला असता. मशीनचा पाय ढिला झाला का चहा थरथरतो. मंग पाय कसते मी. नाही तर सूत तुटत बसतं."

साहेबांनी तिला चार वेळा पाय ढिला करायला लावला आणि चार वेळा कसायला लावला. संध्याकाळी शेठसमोर नवी आकृती सात ठेवली. ग्लास तसाच होता. खाली लिहिलं होतं, "झाकणावर अर्धा ग्लास पाणी ठेवा. पाणी हलल्यास यंत्र थांबवून पायांचे नट कसा. चहा ठेवू नये, सुतावर डाग पडतात."

शेठनी दोनदा वाचलं. "हे आधीपासून ठरवलं होतं तुम्ही?"

मी मनात म्हणत होतो, हो म्हणा, साहेब. एकदाच हो म्हणा.

"नाही. चूकच होती," साहेब म्हणाले. "पण माझी. झाकणावरच्या वस्तू आधी उचलायच्या, हे मी त्याला सांगितलं नव्हतं. वाचणारा चुकला तर दोष चोपडीचा. याची चोपडी मी आहे."

शेठनी नवी आकृती साहेबांच्या हातात परत दिली. मग म्हणाले, "भाईने राखो." याला राहू द्या.

बसथांब्यावर मी साहेबांच्या पाया पडायला वाकलो, तर ते दोन पावलं मागे सरकले. "अरे, हे कशाला? बस आली बघ. पुढच्या दाराने चढ." त्या महिन्यात मी कायम झालो. वडिलांना पत्र लिहिलं. ग्लासाचं लिहिलं नाही.

पुढे साहेब निवृत्त झाले आणि जळगावला लेकीकडे गेले. काही वर्षांनी ते गेल्याचं वहिनींचं कार्ड आलं. अशा पुस्तिकांवर लिहिणाऱ्याचं नाव घालायची पद्धत नाही, त्यामुळे इतकं लिहूनही त्यांचं नाव कुठे छापलेलं सापडणार नाही. मध्यंतरी सुरतेतल्याच नवागामच्या एका कारखान्यात गेलो होतो. तिथे त्यांची एक पुस्तिका तारेने यंत्राला बांधलेली होती, तेलाने काळी पडलेली, कोपरे झिजलेले. चालवणारा तरुण न बघता पान उलटून मशीन लावत होता. मी विचारलं, "कुणी लिहिलंय हे, माहीत आहे?"

त्याने माझ्याकडे नवलाने पाहिलं. "कोन लिहिणार, काका? मशीनसंगेच येतं ते."

त्याला सांगावंसं फार वाटलं. पण शेजारच्या मशीनच्या कांड्या भरत आल्या होत्या, तो घाईत होता, आणि त्याचं काम कुठेही अडलेलं नव्हतं.