जर्मन गावात शकू

आमची शकू म्हणजे गरीब गाय, असं मी चारचौघांत सांगायचो. सांगलीत तीस वर्षं बालवाडी चालवली, पन्नास पोरं एका नजरेत गप्प बसवायची; पण घरात माझ्यापुढे चकार शब्द नाही. मी कागदावर बोट ठेवायचो, ती सही करायची. कसला कागद, हेसुद्धा कधी विचारलं नाही.

२००६ साली आम्ही ऑकलंडला मुलाकडे, यशोधनकडे गेलो. दसऱ्याला परतायचं ठरलेलं. शकू दिवस मोजत होती. मला मात्र तिथली हवा मानवली, गुडघे दुखायचे थांबले. मी कायमचं राहायचे अर्ज भरले, माझा आणि तिचाही. "इथे कर सही," म्हटलं. केली.

एका रविवारी यशोधनने तासाभरावरच्या जर्मन गावात नेलं. दीडशे वर्षांपूर्वी जर्मन बोलणाऱ्या लोकांनी जंगल तोडून वसवलेलं. लाकडी चर्च, जुनं हॉटेल, नदीकाठची पायवाट. शकू चर्चबाहेर चपला काढून आत गेली, तर नात सिद्धी ओरडली, "आजी, युअर जँडल्स!" तिकडे चपलांना जँडल्स म्हणतात.

तिथल्या छोट्या म्युझियममध्ये एका म्हाताऱ्या बाईने आपल्या पणजीचा फोटो दाखवला. शकू सिद्धीला म्हणाली, "विचार गं, इकडे यायचं का, असं हिला कुणी विचारलं होतं?"

बाई हसली. पणजीला म्हणे सामानाचा पेटारा भरल्यावर कळलं!

"तरी झालाच ना संसार?" मला भारीच हुरूप आला. "शकू, आपलेही कागद मंजूर झाले. आता इथेच राहायचं. तूच सही केलीस की!"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती बाहेर पडली आणि ताडताड पायवाटेला लागली. मी धापा टाकत मागे.

"अगं थांब, लोक काय म्हणतील!" लोक कसले, कुंपणापलीकडे चार गाई होत्या.

ती वळली. "मी दसऱ्याला जाणार. एकटी."

अरे देवा! माझ्या पायाखालची जमीनच सरकली. ही बाई कधी एकटी मिरजेलासुद्धा गेली नव्हती!

"सिद्धीला सोडून करमेल तुला?"

"नाही करमणार." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आवाज मात्र बालवाडीतला. "अहो, एकदा विचारलं असतंत ना, तर मी हो म्हणाले असते."