माझ्या गुडघ्यावरचा बर्फ

सांगलीत माझा उजवा गुडघा बदलून मी शिराळ्याला घरी आलो, तेव्हा तो इतका तापला होता की आमच्या बायकोनं त्यावर पापड भाजले असते तर गॅस वाचला असता. सूज म्हणाल तर मांडीला मांडी लावून कलिंगडच झोपलंय जणू.

व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्टबाई म्हणाल्या, "काका, व्यायाम झाला की टॉवेल टाकून वर बर्फाची पिशवी ठेवायची. सूज उतरली तरच गुडघा वाकेल. सोमवारपर्यंत काटकोनात आला नाही, तर डॉक्टर पुन्हा भूल देऊन वाकवतील."

सरहद्दीवर नाकाचं टोक गोठेपर्यंत पहारा दिलेला मी माणूस, पण भुलीला भितो. मागच्या भुलीत मी म्हणे नर्सबाईंना सावधान करून वॉर्डभर परेड घेतली होती.

घरात बर्फ होता, पण बघायला येणारी माणसंही होती. मे महिना. भावकी उन्हातनं येणार, बायको लिंबू सरबत करणार आणि प्रत्येक ग्लासात बर्फाचे खडे. माझा उपचार माझ्यादेखत भावकीच्या घशातनं खाली उतरत होता. मी डोळ्यांनी खुणावलं, तर बायको कानाशी येऊन म्हणाली, "आवं, उन्हाचं आल्यात माणसं. कोमट सरबत देऊ व्हय?"

पाटणहून आलेले चुलते तर खडे कडाकडा चावत मलाच दम देत होते, "बर्फ कसला ठेवतुयास रं? वात धरंल. वाळूचा शेक घे!"

शनिवारी माझा संयम सुटला. सगळ्यांचे ग्लास ओठाला लागेपर्यंत थांबलो आणि गोड आवाजात म्हणालो, "प्या निवांत. आमी बर्फ काय वाया घालवत न्हाई. गुडघ्यावरनं उतरला की धुऊन सरबतात टाकतो."

एका मावशींचा घोट खिडकीतनं जो उडाला, तो रस्त्यापलीकडच्या म्हशीला अंघोळ घालून गेला. सगळे उठले. चुलत्यांनी मात्र ग्लास संपवला, दोनदा उठबस केली आणि डोळे विस्फारले. "गड्या, माझा गुडघा लय हलका झाला! अजून खडा हाय का?"

झालं. रविवारी सकाळी दारात गावातले यच्चयावत दुखरे गुडघे हजर. "तेवढा तुमच्या गुडघ्याचा बर्फ द्या की!" पहिल्यापेक्षा अवघड झालं. घरात तर एक खडा नव्हता. तेवढ्यात मला सुचलं.

"द्यायला न्हाई कोण म्हणतंय?" मी म्हणालो. "पण बर्फ आपापला आणायचा. पिशवीत घालून आणा, माझ्या गुडघ्यावर थोडा वेळ ठेवतो, मग घेऊन जावा."

दुपारपर्यंत पिशव्यांची रांग लागली. व्यायाम झाला की पिशवी, परत व्यायाम, परत पिशवी. कोल्ड्रिंकवाल्याचा फ्रीज रिकामा झाला, तालुक्याला बर्फाची टंचाई पडली. बायको तोंडात पदर कोंबून हसत होती.

सोमवारी बाईंनी पाय हळूहळू मागं नेला. मी पलंगाची कड धरून ओरडलो, गाडीतळावरची कुत्री भुंकायला लागली. पण गुडघा वाकला. काटकोनात आला, वर थोडा पुढंही गेला.

"भूल नको आता," बाई खूश होऊन म्हणाल्या. "सूजही छान उतरलीय. यापुढं बर्फ कमी केला तरी चालेल."

"हळू बोला, बाई," मी दाराकडं बघत कुजबुजलो. "बाहेर अजून सतरा गुडघं बाकी हायेत."