कुटाराखालचं पाणी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझ्या सगळ्या खोड्या ठाऊक आहेत — ही सोडून. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही समोर नाही. भित्र्या माणसाला तेवढी सोय पुरते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कृषी महाविद्यालयात शिकवायचो. आता निवृत्त आहे आणि भाषणं देतो. विषय ठरलेला: खुलं संशोधन. मूळ आकडे दडवू नका, प्रयोग कुठे केला, कसा केला, काय बिघडलं तेही लिहा, दुसऱ्याने तोच प्रयोग केला तर तेच उत्तर यायला हवं. विद्यापीठं बोलावतात, शाल-श्रीफळ देतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान — पुढचं तुम्हाला येतंच.

कापसाचे ते वाईट दिवस होते. पेरलेलं वाळायचं आणि दुबार पेरणीचं नाव काढलं की घराघरात रडारड. पहिली पेरणीच टिकावी असं काही शोधावं, ही माझी तळमळ खरी होती. तेवढी तरी खरी होती ना? मी धूळपेरणीवर काम करत होतो, म्हणजे पावसाआधीच कोरड्या मातीत बी टाकायचं. पाऊस येऊन मग दडी मारतो तेव्हा कोवळी रोपं मरतात. माझं म्हणणं असं, की ओळींवर सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, पसरलं तर ओल धरून राहील आणि रोपं तगतील. पुसदकडच्या एका तांड्यावर, देवलीबाई आणि त्यांच्या नवऱ्याच्या वावरात, मी प्रयोग घातला. अर्ध्या ओळींवर कुटार, अर्ध्या उघड्या. पाणी कुठेच द्यायचं नाही.

पाऊस पडला, रोपं उगवली आणि पावसाने ओढ दिली. मी पाहायला गेलो तर उघड्या ओळी जळालेल्या, कुटाराच्या हिरव्यागार. नाचायचा तेवढा बाकी होतो मी. मग देवलीबाईंनी चहा दिला आणि कौतुकाने म्हणाल्या, "सर, तुमची पऱ्हाटी मरू देल्ली नाही आम्ही. आमच्या तासायले नाही टाकलं, पण तुमच्या तासायले रोज गुंडानं पाणी टाकलं. पाहुण्याची वस्तू आपल्या वावरात वाळली त बरं दिसते का?"

कुटाराच्या ओळी साहेबांच्या, उघड्या आपल्याच — असा त्यांचा समज. घरच्या सुना विहिरीवरून गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, भरभरून आणून माझी कपाशीची रोपं जगवत होत्या. पाणी द्यायचं नाही हे मी त्यांच्या नवऱ्याला बजावलं होतं. पाणी बायका भरतात, हे माझ्या शहाण्या डोक्यात आलंच नव्हतं.

काय करायला हवं होतं? प्रयोग रद्द करून पुढच्या हंगामात पुन्हा. बस. त्यात लाजण्यासारखंही काही नव्हतं. पण मी चहा प्यालो, "छान केलंत" म्हणालो आणि शोधनिबंधात लिहिलं — पूर्णपणे पावसावर. बढती तोंडाशी आली होती. निबंध छापून आला, पद्धतीची शिफारस झाली, लोकांनी कुटार पसरून पेरलं. कुणाची रोपं वाळली की आम्ही म्हणायचो, कुटार कमी पडलं असेल.

आणि मग निलोफर आली. उमरखेडची, मोटरपंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींची मुलगी. एम.एस्सी.ला माझ्या हाताखाली होती, पुढे डॉक्टरेट करायची म्हणायची. तिने हट्टाने माझाच प्रयोग करायला घेतला. म्हणाली, "दुसऱ्यानं करून पाह्यल्याशिवाय पक्कं कसं म्हनावं, सर?" हे वाक्य मी आज भाषणात वापरतो. माझं म्हणून.

तिच्या सगळ्याच ओळी वाळल्या — कुटाराच्याही. ती माझ्याकडे आली. "मी त सारं तुमच्यासारखंच केलं. मंग काहून वाळलं? सर, मले ते वावर पाहाचं हाये. कोनाचं होतं?"

मी म्हणालो, ते कुटुंब ऊसतोडीला गेलं, पत्ता नाही. त्याच हिवाळ्यात देवलीबाईंनी माझ्या घरी तुरीच्या शेंगा पाठवल्या होत्या. आम्ही उकडून खाल्ल्या.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, तुमचं उत्तर तुमच्या मार्गदर्शकांपेक्षा इतकं वेगळं कसं? तिने माझ्याकडे पाहिलं. निदान गप्प बसता आलं असतं ना मला? मी बोललो. म्हणालो, बी खोल पडलं असणार, मुलींना वावरातल्या कामाची सवय नसते. ती भर उन्हात वाकून एकेक बी स्वतःच्या हाताने टाकताना मी पाहिलेली — आणि तरी हे बोललो. ती खाली मान घालून म्हणाली, "माहीच चूक असन, सर." तिला खरंच तसं वाटलं, की तिने माझा मान राखला? मला माहीत नाही.

प्रयोग पुन्हा करा, असा निकाल लागला. आणखी एक हंगाम तिला घरून मिळाला नाही. पदवी अर्धी टाकून ती गेली. मला वाईट वाटलं, असं लिहिणार होतो. पण नाही — मला हायसं वाटलं. लाज मागून आली आणि मग गेलीच नाही.

मध्यंतरी एका विद्यापीठात भाषण झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. सहज विचारलं तिने, "सर, तुमचा धूळपेरणीचा प्रयोग कोणी पुन्हा करून पाहिला होता का?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. माईक हातात होता. मी म्हणालो, "नाही, तसं कोणी पुढे आलं नाही."

निलोफरने केला होता. तिने तो बरोबर केला होता.