लॉटीचं बर्फातलं भावंड

माझी भावजय वेल्डा दिल्या शब्दाला जागणारी बाई. लोक त्याचं कौतुक करतात. मला मात्र एक सबंध वर्ष त्याच गोष्टीचा असा संताप यायचा, की तिच्याशी नीट बोलवत नसे. आणि बोलायचं टाळणार तरी कसं? आम्ही दोघी इथल्या शाळेच्या स्वयंपाकघरात एकाच ओट्यावर काम करतो. ती पावाची कणीक मळते, मी शेगड्या सांभाळते.

माझा धाकटा भाऊ गारलंड खडीचा ट्रक चालवतो. टेनेसीच्या आमच्या या डोंगरात पोरी विशीतच लेकुरवाळ्या होतात. यांच्या लग्नाला चौदा वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. सुया झाल्या, औषधं झाली, वेल्डाचं रडून झालं. मग चर्चमधल्या एकीनं सांगितलं, की उपचार करून ज्यांना मुलं होतात त्यांचे उरलेले गर्भ दवाखान्यात गोठवून ठेवलेले असतात, आणि ते दत्तक घेता येतात. दुसरीचं बाळ, पण पोटात वाढवायचं आपण. मी म्हटलं, काय बाई एकेक ऐकावं ते नवल. वेल्डानं मात्र त्याच आठवड्यात आल्बम करायला घेतला. घर, कोंबड्या, गारलंडचा कुत्रा, रविवारच्या जेवणाला जमलेलं आमचं सगळं गणगोत. गर्भ देणारी बाई असले आल्बम चाळून आपल्या बाळांसाठी आई निवडते.

ओहायोच्या कोरिननं वेल्डाला निवडलं. तिला जुळं होतं, तीन गर्भ उरले होते. तिनं एकच मागितलं: तिघांनाही संधी मिळाली पाहिजे, एकालाही बर्फात विसरायचं नाही. वेल्डानं शब्द दिला.

पहिलं बर्फातून काढतानाच गेलं. वेल्डानं त्याचं नाव ठेवलं होतं, ते फक्त मला माहीत आहे. दुसऱ्यातून लॉटी झाली. पण बाळंतपणात रक्त थांबेचना. गारलंड बाहेर भिंतीला कपाळ लावून उभा होता आणि मी त्याला धरून. वेल्डा वाचली, पण डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा दिवस गेले तर जिवाची खात्री देणार नाही. तिसरं बर्फातच राहिलं.

लॉटी शाळेत जायला लागेपर्यंत वेल्डानं तो विषय काढला नाही. मग एका बुधवारी प्रार्थनेला उभी राहिली आणि म्हणाली, "लॉटीच्या भावंडासाठी प्रार्थना करा." एवढंच. आमच्या बायकांना तेवढं पुरलं. कुणी एका शब्दानं विचारलं नाही, आणि पुढच्या रविवारी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये थेट डोहाळजेवण. केक काय, विणलेल्या टोप्या काय, गोधडी काय. वेल्डा एक इवलीशी टोपी हातात घेऊन उभी होती आणि सगळ्या तिच्या धीराचे गोडवे गात होत्या. एक म्हणाली, देवावर भरवसा असणाऱ्या बाईचं काही वाकडं होत नाही.

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "आणि झालंच, तर लॉटीची वेणी घालायला रोज सकाळी तू येशील का गं?"

गारलंडनं केकची बशी खाली ठेवली आणि ट्रकमध्ये जाऊन बसला.

त्यानंतर त्या घरात बोलणंच संपलं. वेल्डा म्हणे, ते लॉटीचं सख्खं भावंड आहे, गारठ्यात पडलंय, मी शब्द दिलाय. गारलंड म्हणे, मी एकदा त्या भिंतीशी उभा राहिलोय, पुन्हा नाही राहणार. तो माझ्याकडे जेवायला यायला लागला. चार घास खायचा आणि ताटाकडे बघत बसायचा. अशातच वेल्डानं दवाखान्याची तारीख घेतली. मला तिनं ओट्यावर कणीक मळता मळता सांगितलं, जसं काही दात काढायला निघाली होती. वर म्हणाली, "ताई, मला काही झालं तर लॉटीला तुम्ही बघा." मी हातातला डाव आपटला. त्याच संध्याकाळी मी कोरिनला फोन केला आणि डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगून टाकलं. वेल्डानं तिला यातलं अवाक्षर कळू दिलं नव्हतं.

शनिवारी मी वेल्डाकडे होते, तर कोरिन गाडी घेऊन दारात हजर. वेल्डाच्या तोंडचं पाणी पळालं. तिला वाटलं, ही जाब विचारायला आली. ती घाईघाईनं म्हणाली, "तारीख घेतलीय मी. शब्द मोडलेला नाही."

कोरिन पायरीवरच बसली. "जुळ्याच्या वेळी मलाही डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं. मी मेले तर या दोघांना कोण, म्हणून मी तुला शोधलं. तू मला भित्री समजलीस?"

"नाही."

"मग स्वतःला का समजतेस?" कोरिन म्हणाली, "त्याला संधी द्यायचं ठरलं होतं. ती तुझ्याच पोटात, असं मी कधी म्हटलं? आता आई तू शोध. माझी निवड चुकली नव्हती. तुझीही चुकणार नाही."

वेल्डा तिच्या खांद्यावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडली. मी आत जाऊन उगाच कॉफी ठेवली. मलाही भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू.

मग आल्बम आले. वेल्डाला एकेक पान उलटवेना. प्रत्येक आल्बमात जणू त्यांचाच कुत्रा, त्यांच्याच कोंबड्या, तेच ओढून आणलेलं हसू. शेवटी तिनं केंटकीची नेल निवडली. का, तर तिच्या स्वयंपाकघराच्या फोटोत मोरीत खरकटी भांडी तशीच होती. म्हणाली, "हिनं मला फसवायला काही आवरून ठेवलं नाही." टोप्या, गोधडी, सगळं खोक्यात भरून नेलकडे गेलं. चर्चमधल्या दोघीतिघी अजून फुगलेल्या आहेत. फुगू देत.

नेलच्या दवाखान्याच्या दिवशी वेल्डानं फोन एप्रनच्या खिशात ठेवला होता. सकाळी बर्फातून काढणार होते. पहिलं तिथंच गेलं होतं, हे आम्हा दोघींच्याही डोक्यात होतं. तिनं कणकेत दोनदा मीठ घातलं, मी ती मुकाट्यानं फेकून दिली. ऐन जेवणाच्या सुट्टीत, पोरांची रांग दारापर्यंत गेलेली असताना, फोन वाजला. तिनं तो माझ्या हातात कोंबला आणि पाठ फिरवली.

नेलच होती. मी ऐकलं आणि वेल्डाला म्हटलं, "जगलंय गं. आत्ताच आत ठेवलं. रुजेल की नाही ते पुढच्या आठवड्यात कळेल."

वेल्डा पिठाच्या पोत्यावर बसली. मग म्हणाली, "तिला सांगा, आज जिना चढू नको म्हणावं." आणि उठून पुन्हा रांगेपाशी उभी राहिली. गालांवरचं पाणी पुसायचं तिला सुचलं नव्हतं.

पुढ्यात ताट घेऊन लॉटी आली. "आई, का रडतेस?"

"तुझं भावंड गारठ्यातून बाहेर आलं, बाळा. ऊब मिळाली त्याला."

"मग ते आपल्या घरी कधी येणार?"

"येणार नाही," वेल्डा म्हणाली. "आपण जाऊ त्याच्या घरी."

लॉटीनं जरा विचार केला. "मग माझी वेणी नीट घालून दे हं तेव्हा."

"मीच घालणार," वेल्डा म्हणाली. मागची पोरं ढकलाढकली करत होती, म्हणून पाव मी वाढले.